दुसरं पान

शरच्चंद्र वकिलांचं वागणं जानकीबाईंना श्रावणापासून खटकत होतं. जयवंत बेपत्ता झाल्याला दीड वर्ष झालं, तरी जिन्यात भेटणारा प्रत्येक जण विचारायचा, "लेकाचं काही कळलं?" दूधवाला विचारी, तळमजल्यावरचा शिंपी विचारी. वकीलही विचारत. श्रावण लागला आणि ते विचारेनासे झाले. दिसल्या की ब्रीफकेस छातीशी धरून भिंतीकडून निघून जायचे.

"विचारणारा माणूस दोनदाच थांबतो," जानकीबाई सुनेला, अनुपमाला, म्हणाल्या. "कंटाळला की, नायतर त्याला कळलं की. आणि हा बाबा कोर्टात तारखा मोजून कंटाळला नाय, तो माझ्या जिन्यात कंटाळणार?"

सर्वपित्रीच्या आदल्या संध्याकाळी त्या दोन जिने चढून वकिलांच्या दारात उभ्या राहिल्या. उत्तरावहिनींनी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"वकीलसाहेब, माझा झील, जयवंत, तुमच्याकडे आला होता."

वकिलांनी पेपराची घडी घातली. "जानकीबाई, माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे मी हिलासुद्धा सांगत नाही."

"खरंच नाही हो," उत्तरावहिनी म्हणाल्या. "माझा सख्खा भाऊ सल्ला घेऊन गेला, ते मला त्याच्या बायकोकडून कळलं."

"खुनी आला नि म्हणाला, मी मारलं. तर?"

"तरी नाही."

"नि म्हणाला, उद्या मारणार आहे. तर?"

"तर गप्प बसता येत नाही. झालेलं झाकता येतं, होणारं नाही."

"मग मी होणारंच सांगते. ऐका."

गिरणीचा संप फसल्यावर जयवंत साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लागला होता. तिथं मालकाच्या माणसांनी एकाला भोसकलं, ते त्यानं पाहिलं. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन गेला तो परत आलाच नाही. त्याला मारला की तो लपला, यावर घरात दोन मतं होती. गावचे दीर भीमराज यांच्या मते मारलाच. त्यांचं पत्र आलं होतं: गेलेल्याची तिथी ठाऊक नसेल, तर सर्वपित्रीला त्याचं पान मांडतात. औंदा पितरांच्या म्हाळात जयवंताचंही मांडा. पोराचा जीव भुकेला ठेवू नका.

"उद्या ह्यांचं पान मांडायचंच आहे," जानकीबाई म्हणाल्या. "त्याच्या शेजारी लेकाचं मांडलं, की अनुपमानं कपाळ पुसायचं. तो कुठं आहे, कसा आहे, काय नको मला. एक पान मांडू की दोन, तेवढं बोला."

वकिलांनी घडी घातलेला पेपर पुन्हा उघडला.

"जित्या माणसाचं म्हाळ घालणं गुन्हा नाय?"

"कायद्यात नाही," ते हळूच म्हणाले.

"मग दोन मांडते."

त्या वळल्या. डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं. ते कुणी पाहिलं याची त्यांना पहिल्यांदाच लाज वाटली नाही. दोन पायऱ्या उतरल्या असतील नसतील, तोच मागून आवाज आला.

"नका."

जानकीबाईंनी कठडा धरला. त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि पदराचा बोळा तोंडाशी धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या. दारात उत्तरावहिनी नवऱ्याकडे अशा बघत होत्या, जणू हा माणूस त्यांना आजच भेटला.

मग जानकीबाई उठल्या. उतरल्या होत्या त्या दोन पायऱ्या पुन्हा चढून वर आल्या. वकील उंबऱ्यापर्यंत आले होते.

"मी काही बोललो नाही, जानकीबाई."

"बोललात." त्यांनी आवाज खाली आणला. "घरी मी एकच पान मांडीन. दिरांना कळवीन, म्हातारीचं मन धजलं नाय. सुनेलाही तेवढंच सांगेन. मी आई आहे, मी गिळीन. पण माझ्या झिलानं आपला जीव तुमच्या तोंडात ठेवला होता, नि दोन आसवं बघून तुम्ही तो माझ्या ओटीत टाकलात. उद्या त्या मालकाचं कुणी येईल. ते सुरा घेऊन येणार नाय, असंच रडत येईल."

त्या जिन्याकडे वळल्या.

"कच्चे आहात तुम्ही, वकीलसाहेब."