डेझमंडचा उरलेला शब्द

"सेट," डेझमंड म्हणाला. म्यूरिएलने त्याच्या चहात आणखी थोडं दूध घातलं.

समोर बसलेला नायजेल हरखला. "म्हणजे 'दूध घाल'? हा अर्थ आपल्याकडे नाहीच की!" त्याने खिशातून पेन काढलं.

डेझमंड इंग्रजीच्या थोरल्या शब्दकोशाचा मुख्य संपादक होता आणि नायजेल त्याच्या हाताखालचा. 'सेट' ह्या एका शब्दावर डेझमंडची उमेदीची वर्षं गेली. टेबल मांडणं सेट, मोडलेलं हाड बसवणं सेट, सूर्य बुडणं सेट, बागेतल्या बिज्जू नावाच्या प्राण्याचं बीळही सेट. शब्दाचं एक मूळ जर्मन घराण्यातलं, दुसरं लॅटिनमधून फ्रान्समार्गे आलेलं; ही सोयरीकही त्याने उकरून काढली. लग्नाचा वाढदिवस मात्र त्याला दरवर्षी म्यूरिएलच शोधून द्यायची. मग मेंदूत रक्ताची गाठ झाली, सगळी भाषा वाहून गेली आणि मागे एवढाच शब्द राहिला. कुठला शब्द मागे राहील ते आधी सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. म्यूरिएलला सांगता आलं असतं.

"सेट!" डेझमंडने खिडकीकडे बोट केलं. कुंपणामागे सूर्य टेकला होता.

"हा आहे," नायजेल म्हणाला. "हा सरांनी स्वतः लिहिलाय."

"केक घ्या," म्यूरिएल म्हणाली. "पण केकसाठी बोलावलं नाही हं मी तुम्हाला. डेझ रोज एकदा ते जरा निराळंच म्हणतो, हाक मारल्यासारखं. ते माझं नाव आहे का, तेवढं ऐकून सांगा. मी मेली उगीच मनाने घेत असेन. तुमचा तर धंदाच आहे ना हा?"

नायजेलने मान हलवली. तोंडात केक होता.

रिकामा कप उचलायला ती वाकली, तशी डेझमंडने तिचं मनगट धरलं.

"सेट," तो हळूच म्हणाला.

म्यूरिएल हलली नाही. तिने फक्त नायजेलकडे पाहिलं.

नायजेलने घास गिळला. मग पेनाला टोपण लावलं.

"हा मला लिहून घेता येणार नाही, म्यूरिएल," तो म्हणाला. "विशेषनामं आपण कोशात घेत नाही."

डेझमंडने गंभीरपणे मान डोलावली. नियम त्याचाच होता.

मनगट मात्र त्याने सोडलं नाही.