वसुलीचा माणूस

बेल वाजली तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. ताईनं मोबाइल उचलला आणि ती स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहिली.

"त्यानं आवाज चढवला की मी सगळं रेकॉर्ड करते," ती म्हणाली. "तू फक्त रडू नकोस."

"मी कशाला रडू?" तिची धाकटी बहीण, बाइंडरबाई, म्हणाली. आणि तिनं जाऊन कडी काढली.

दीड महिना हे चाललं होतं. तीस वर्षं तिनं या घराच्या पुढच्या खोलीत पुस्तकं बांधली होती. मनगटं साथ देईनात, तेव्हा पुस्तकं दाबायचा लोखंडी प्रेस तिनं एका साइटवर विकायला टाकला. आठवड्यात गिऱ्हाईक मिळालं. आलेल्या पैशातून ताईच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढून झाले. आणि मग घेणाऱ्यानं तक्रार केली की प्रेसचं वरचं चाक तडकलेलं निघालं. साइटनं त्याला पैसे परत दिले आणि ते बाईकडून काढायचं काम एका वसुली कंपनीकडे सोपवलं.

तिथला एक घोगऱ्या आवाजाचा माणूस रोज फोन करायचा. "बाई, दुसऱ्याचा पैसा पचत नसतो," म्हणायचा. एकदा त्यानं घरमालकालाही फोन लावला. त्या दिवसापासून बाई जिन्यात कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

शेवटी तिनं कंपनीला दोन पानी पत्र लिहिलं. चाकाला जुनी दुलई कशी गुंडाळली, खोक्यात भुसा कसा ठासून भरला, सगळं लिहिलं. हा प्रेस मला ज्यांनी काम शिकवलं त्यांचा, तो मी तडकलेला कसा विकेन, असंही लिहिलं. त्यावर फक्त फोन आला. "बुधवारी अकरा ते एकच्या दरम्यान आमचा माणूस येईल. काय ते त्याच्याशी बोला. पैसे नसतील तर तुमचं कागद कापायचं यंत्र तो बघून जाईल."

दारात चाळिशीचा एक माणूस होता. शर्ट इस्त्रीचा, पण चेहरा जागरण झाल्यासारखा ओढलेला. हातात तिच्याच पत्राची प्रत.

"मी त्या प्रेसच्या प्रकरणात..." त्यानं सुरुवात केली.

"माहीत आहे. या. सकाळपासून तुमचीच वाट बघतोय."

तो जरा गोंधळला. मग आत आला आणि खुर्चीच्या अगदी कडेला बसला. त्यानं पाणी मागितलं. बाईनं आणून दिलं, ते त्यानं एका दमात संपवलं.

"ते यंत्र तिकडे आहे," बाई म्हणाली. "बघून घ्या. पण ते नेलंत तर माझं उरलंसुरलं कामही बंद पडेल."

"यंत्र?" तो म्हणाला. "नाही, नाही. मला काहीच न्यायचं नाही. तुमच्याकडून काही येणं नाही, एवढंच सांगायला आलोय. ते प्रकरण मिटलं."

बाई मटकन स्टुलावर बसली.

दाराआडून ताई बाहेर आली. "असं तोंडी नाही चालायचं. लेखी द्या."

"देतो की."

त्यानं टेबलावरचा कागद ओढला आणि लिहिलं: 'प्रेस धडधाकट पोचला होता. या बाईंचा काहीही दोष नाही. यांच्याकडून एक पैसाही येणं नाही.' खाली सही केली, तारीख घातली.

"हे आधी नाही का सुचलं?" ताई म्हणाली. "दीड महिना पोरीची झोप उडवलीत. घरमालकापर्यंत गेलात!"

"घरमालकापर्यंत?" त्यानं मान खाली घातली. "मला ठाऊक नव्हतं. खरंच चुकलं, ताई. पत्र वाचलं आणि मला राहवेना."

इतका पडलेला आवाज ऐकून ताईचाही राग ओसरला. तिनं मोबाइल गुपचूप खाली ठेवला.

जाता जाता तो टेबलाशी थांबला. प्रेस असताना बांधलेल्या एका वहीच्या कडेवरून त्यानं बोट फिरवलं. "ही इतकी सरळ कशी येते?"

"चाक एकदम आवळायचं नाही," बाईच्या तोंडून निघून गेलं. "अर्धा फेरा द्यायचा आणि थांबायचं. कागदाला बसायला वेळ द्यायचा. मग पुन्हा अर्धा."

"अर्धा फेरा आणि थांबायचं," तो पुटपुटला. त्यानं हात जोडले आणि जिना उतरून गेला.

दार लागलं तशी ताईनं तो कागद तीनदा मोठ्यानं वाचला, तोही चष्म्याशिवाय. बाईला आधी हसू आलं, मग रडू, मग दोन्ही एकदम. "आता रड," ताई म्हणाली, "आता परवानगी आहे." कितीतरी दिवसांनी दोघी पोटभर जेवल्या. बाईनं जिन्यात जाऊन घरमालकाच्या बायकोशी उगाचच पाच मिनिटं गप्पाही मारल्या.

ती परत आली तेव्हा फोन वाजत होता. घोगरा आवाज. आज पहिल्यांदा तिची छाती धडधडली नाही.

"मॅडम," तो म्हणाला. हाही शब्द पहिल्यांदाच.

"बरं झालं फोन केलात," बाई म्हणाली. "तुमचा माणूस फार सज्जन हो. सगळं लिहून देऊन गेला."

"कोण माणूस?" पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅडम, तुमच्या पत्राची प्रत आम्ही गिऱ्हाइकाला पाठवली होती. त्यानं सकाळी नऊलाच तक्रार मागे घेतली, चाक आपल्याच हातून पडून तडकलं म्हणाला. म्हणून आज आम्ही तुमच्याकडे कुणाला पाठवलंच नाही."