पिशवीचं माप

"आजोबा, आमच्या मॅडमना निरोपाला वाईनची बाटली द्यायचीय. पिशवी मात्र तुमच्याच हातची पाहिजे," पुण्याहून स्वप्नालीचा फोन आला.

राधाकिशन गुरुजींनी हौसेनं खणाचं कापड काढलं, मशीनला तेल दिलं. पण बाटलीचं माप आणायचं कुठून? "ओळ मोडू नका रे," म्हणत ज्यांनी तीस वर्षं शाळेतल्या पोरांच्या दारूबंदीच्या प्रभातफेऱ्या काढल्या, ते गुरुजी नातीपायी भर दुपारी टेप घेऊन चौसाळ्याच्या बारमध्ये शिरले.

"वाईनची रिकामी बाटली हाय का? पिशवीच्या मापापुरती."

खुर्च्या सरकल्या. सहा-सात जण पेले पाठीमागं लपवून ताठ उभे राहिले. "नमस्ते गुरुजी!"

"बसा, बसा. प्रवीण, टेपचं टोक धर."

प्रवीणनं शर्टाला हात पुसून मालकानं पुढं केलेल्या रिकाम्या बाटलीला टोक लावलं. "उंची बारा इंच, गुरुजी. घेर साडेनऊ."

"शाब्बास! शिकवलेलं इसरला न्हाईस."

गुरुजी घराकडं निघाले. थोडं चालल्यावर मागं पावलं वाजू लागली. पेले टेबलावर तसेच सोडून सगळे गुपचूप येत होते.

गुरुजींनी वळूनही पाहिलं नाही. एवढंच म्हणाले, "ओळ मोडू नका रे."