तांब्याचे दोन वायसर

सकाळी अख्ख्या तांड्यानं टिळा लावून लढाईवर धाडलेला खेमसिंग दुपारी मागच्या कपाशीच्या पऱ्हाटीतून लपत लपत आपल्याच झोपडीत शिरला.

बिजलीबाई दचकली. "पळून आले का काय?"

"हळू बोल. ते वायसर दे."

तिच्या दोन्ही कानांवर केसांत चांदीच्या लोंबत्या घुगऱ्या गुंफलेल्या होत्या. तांड्यात नवरा जिवंत असलेल्या प्रत्येक बाईच्या असतात. पण घुगऱ्यांत रणगाड्याचा भाग ओवलेली ती एकटीच. तांब्याच्या त्या दोन चकत्या त्यानंच सुट्टीवर येताना हौसेनं आणल्या होत्या. फाट्यावर एसटीची वाट बघताना त्याला त्यांची चमक आठवली आणि तो मागे फिरला.

ज्या देशानं त्याचा रणगाडा घडवला, तिथं त्यानंतर नवे नमुने निघाले होते आणि जुन्याचे सुटे भाग कोणी बनवत नव्हतं. आपल्याकडे मात्र तो अजून लढाईला लायक होता. पेट्रोलच्या नळीसाठी वायसरची शेवटची जोडी स्टोअरवाल्यानं जीव तोडल्यासारखी काढून दिली होती. घरी निघायच्या घाईत खेमसिंगनं एक जोडी नळीत आवळली, दुसरी खिशात टाकली. झिजलेल्या वायसरवर नटाचा वळ असतो. बिजलीच्या कानावरच्या चकत्यांवर ओरखडासुद्धा नव्हता; झिजलेली जोडी रणगाड्यातच राहिली होती.

"घुगरी काढल्याबिगर ते निघत नाही," ती म्हणाली. "अन् घुगरी बाई कधी काढते, माहीत नाही का तुमाले?"

"माहीत हाये."

"मंग कायले सांगता?"

"जुने वायसर गळतात. खाली इंजिन तापेल राह्यते. पेट्रोल पडलं का भडका."

"आत कोन बसते?"

"मीच."

बिजली उजेडासाठी उंबऱ्यात जाऊन बसली आणि पाठ त्याच्याकडे केली. "तुमीच काढा. माह्या हातानं व्हत नाही."

खेमसिंग आतल्या अंधारात तिच्या मागे बसला. इंजिनात न चुकणारी बोटं केसांतल्या गाठी चाचपडू लागली. एक घुगरी सुटली. बिजलीचे डोळे वाहू लागले. दुसरी सुटली.

पाणी घेऊन चाललेल्या तानाबाईनं उंबऱ्यातली बिजली पाहिली. मोकळे केस पाहिले, ओटीतल्या घुगऱ्या पाहिल्या. डोक्यावरचा हंडा खाली ठेवला आणि गळा काढला. शेजारणी धावल्या. सकाळी गेलेला माणूस दुपारपर्यंत लढाईत मरतो कसा, हे कोणी विचारलं नाही. तांड्याच्या नायकाच्या रेडिओवर लढाई फार वेगात चालली होती. वावरातून खेमसिंगची आई हंसाबाई ऊर बडवत आली आणि लेकाचं सगळं बाळपण रडण्यात गाऊ लागली.

"जा न बाहेर," बिजली मागे न बघता कुजबुजली. "जित्ता हाये म्हनून सांगा त्यायले."

सांगायचं तेवढंच होतं. वायसर मुठीत आवळून खेमसिंग अंधारात बसून राहिला. आपण जिवंत आहोत, एवढंही खात्रीनं सांगायचा त्याला धीर होईना.