मनगटावरची पकड

एक्स-रे शिकणाऱ्या मुलीने आजींचा दुखरा हात अलगद प्लेटवर ठेवला आणि काचेमागे जाऊन बटण दाबलं. पडद्यावर आजींच्या मनगटाची हाडं उमटली. त्यांना करकचून धरलेली आणखी पाच बोटंही उमटली.

"पेशंटचा हात धरून बसली होतीस की काय?" मॅडम करवादल्या. "पुन्हा काढ!"

"मी इथंच होते, मॅडम."

तिने आजींचा हात पुन्हा नीट ठेवला, दार लावलं, बटण दाबलं. या वेळी मनगट मोकळं होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

"झालं हं, आजी!"

"सुटले गं बाई!" मनगट चोळत आजी झटकन बाहेर पडल्या.

मुलीचा हात मात्र बटणावरून उचलेना. तिने हिसका दिला, तशी पकड आणखी आवळली.