बॉनेटखालचा मासा

दादाची राख थंड व्हायच्या आत दोंगशिकनं मालसुन वहिनीकडून त्याची गाडी लाटली. अपघात टळावा म्हणून तिनं बॉनेटखाली पांढऱ्या दोऱ्यानं बांधलेला सुका मासा त्यानं तिच्यादेखत हसत गटारात फेकला.

दुसऱ्याच दुपारी बुसानच्या धक्क्यावर गाडी अडून बसली. चावी फिरवली, की नुसतं टक्. गाडीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी त्यानं वहिनीलाच फोन लावला.

"आता आठवण झाली का, भाऊजी? बॅटरीची तार सोडवा, पुसा, परत लावा. हे तसंच करायचे."

त्यानं चावी खिशात टाकली, तार सोडवली. ती हातात असतानाच इंजिन सुरू झालं.

"वहिनी, तार माझ्या हातात आहे!"

"असू द्या. मासा फेकल्याचं मी यांना सांगितलंय."