अर्धे पाऊल

शेवटचे पाऊल अर्धे होते. टाच होती, चवडा नव्हता. त्यापुढे बर्फ नव्हता, खडक नव्हता. नुसते धुके होते.

हेक्टर मॅकरे जागीच थांबला. माथ्यावर आल्यापासून तो या पावलांच्या मागोमाग चालत होता. ती बर्फात रुतलेली नव्हती. उलट बर्फातून वर आलेली होती, बशा पालथ्या घालाव्यात तशी. त्यात गूढ काही नव्हते. पायाखाली दबलेला बर्फ घट्ट होतो, भोवतालचा भुसभुशीत बर्फ वारा उडवून नेतो आणि पाऊल तेवढे उरते. इनव्हरनेसच्या शाळेत हेक्टरने जन्मभर भौतिकशास्त्र शिकवले होते. जोराचा वारा हे काम तासाभरात उरकतो, आणि आज तो पहाटेपासून सुटलेला होता. म्हणजे पहाटेच कोणीतरी वर आले होते आणि थेट कड्याकडे गेले होते. परतीची पावले दिसत नव्हती.

हिवाळ्यात या कड्याबाहेर वारा बर्फाचा छज्जा रचतो. वरून तो जमिनीसारखाच दिसतो, पण त्याच्या खाली काही नसते.

पावलांच्या कडा झिजल्या होत्या. त्यांचे माप कळत नव्हते. डावे पाऊल मात्र दर खेपेला बाहेर वळलेले होते. हेक्टरने हे मघाशीच पाहिले होते आणि त्याचा विचार लांबणीवर टाकला होता. आता टाकता येईना. त्याचा डावा पाय तसाच पडत असे, आणि त्याच्या मुलीचा, इशबेलचाही.

“उद्या मी पण येते,” काल रात्री जेवताना ती म्हणाली होती.

“नको. तू शेळीसारखी कड्याकडेनं चालतेस.”

“आणि तुम्ही एकटे जाता ते चालतं?”

“मी गुरुवारी वर बसून निवांत चहा प्यालो. कड्यापासून चांगला आत. त्याला डोकं लागतं, पोरी.”

“ते सगळं तुम्हीच घेऊन बसलात, मला कुठलं उरणार!”

सूप अर्धवट टाकून ती उठली होती. सकाळी ती घरात नव्हती. दाराशी तिचे डोंगरात घालायचे बूटही नव्हते. तेव्हा त्याने त्याचा काही अर्थ लावला नव्हता.

तो पोटावर आडवा झाला, बर्फात चढताना वापरायच्या कुऱ्हाडीचा दांडा पुरता खाली रोवला आणि सरपटत पुढे गेला. त्या अर्ध्या पावलाची पुढची बाजू सुरीने कापल्यासारखी सरळ होती. खाली वाकून पाहिले. पांढऱ्याखेरीज काही दिसले नाही. त्याने हाक मारली. वाऱ्याने ती तोंडातूनच नेली. हातमोजा दाताने ओढून काढून त्याने इशबेलला फोन लावला. रिंग वाजू लागल्यावर फोन कानापासून दूर धरला आणि खाली, त्या पोकळीत, दुसरा फोन वाजतो का ते ऐकू लागला. वाजला नाही. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हते. त्याने पुन्हा लावला. पुन्हा. मग बचाव पथकाचा नंबर लावायला गेला, तर बोटे वळेनात.

तेवढ्यात हातातला फोन थरथरला.

“बाबा? एवढे फोन? कुणी मेलं की काय?”

“कुठे आहेस तू?”

“बेकरीत. आणखी कुठं असणार? शनिवारची रांग दारापर्यंत गेलीय आणि माझे हात पिठात.”

“तुझे बूट...”

“रस्त्यावर बर्फाची नुसती काच झालीय. सपाता घालून येऊ कामाला? काय झालंय?”

“इथं पावलं आहेत, इशबेल. कड्यापाशी संपलीत. डावा पाय बाहेर टाकलेला.”

पलीकडे कोणीतरी गिऱ्हाईक दोन मटण-पॅटिस मागत होते.

“बाबा,” ती हळू आवाजात म्हणाली, “तसं चालणारे आपण दोघंच. आणि मी इथं आहे.”

धुके क्षणभर विरळ झाले. डावीकडे, थोड्या अंतरावर, कड्याच्या त्याच कापलेल्या रेषेतून पावलांची दुसरी ओळ निघत होती आणि आत, पठाराकडे जात होती. तिचेही पहिले पाऊल अर्धे होते. चवडा होता, टाच नव्हती. त्याच्याशेजारी बर्फावर गोठलेला तपकिरी डाग होता. जाताना झटकलेल्या कपातला चहा.

“बाबा, ऐकताय ना? आधी मागे सरका.”

तो मागे सरकला.

पावले गुरुवारची होती आणि हेक्टरची होती; आज पहाटेच्या वाऱ्याने ती फक्त उघडी पाडली होती. तो चहा प्यायला बसला, ती जागा कड्याच्या आत नव्हती. ती छज्ज्यावर होती. गुरुवारनंतर केव्हातरी छज्जा तुटून खाली गेला होता.